परीटघडी कोणाच्या अंगावर? इस्त्रीची जळकी खळ आणि आपल्या कपड्यांचा इतिहास

१४ एप्रिल जवळ आला की वेल्हे-भोरच्या वस्त्यांमध्ये पांढऱ्या कपड्यांना खळ घालायचे काम सुरू होते. भाताची पेज गाळायची, पाणी घालून पातळ करायची, धुतलेला सदरा किंवा साडी त्यात बुडवून पिळायची, वाळत टाकायची आणि थोडी दमट असतानाच इस्त्री फिरवायची. मग दरवर्षी तीच तक्रार येते. इस्त्रीच्या तळाला काळा थर धरला, तो पांढऱ्या सदऱ्यावर उतरला, आता काय करायचे?

तरुण कार्यकर्त्यांना वाटेल, चळवळीच्या लेखात इस्त्री कशाला? आमचे म्हणणे असे की इस्त्रीला चिकटलेली खळ हा आपल्या इतिहासातला फार अलीकडचा प्रश्न आहे. कपड्याला खळ घालता येण्याइतकी पेज घरात उरणे, कडक सदरा घालून गावातून चालता येणे आणि तो कोणीतरी धुऊन देणे, या तिन्ही गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांना सहज मिळालेल्या नाहीत. हा इतिहास माहीत नसेल तर आपण कडक कपड्याला नुसती हौस समजतो. किंवा त्याच्या उलट, कडक कपडा घातला की जात गेली असे समजतो. दोन्ही समजुती घातक आहेत.

आधी इस्त्री साफ करू

खळ म्हणजे पिष्ट आणि पाणी. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तांदळातले पिष्ट पाणी पिऊन फुगते आणि पेज दाट होते. सुती कपड्यासाठी इस्त्रीवर तीन टिंबांची खूण असते, तिथे तळ सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेला कोरडे पडत चाललेले पिष्ट तुटते, आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि गोंदासारखे चिकटते. पाकिटांना लावतात तो डेक्स्ट्रिनचा गोंद पिष्ट भाजूनच तयार करतात. त्याच थरावर आपण पुन्हा पुन्हा तापलेली इस्त्री फिरवत राहिलो की तो जळून काळा होतो.

खळ दाट झाली, न गाळता वापरली, तिच्यात गुठळ्या राहिल्या, कपडा फार ओला असताना इस्त्री फिरवली किंवा ती एकाच जागी ठेवली, तर थर हमखास धरतो. काढायचा उपाय साधा आहे. पिन काढावी आणि इस्त्री कोमट होऊ द्यावी. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेले सुती फडके तळावर पाच-दहा मिनिटे ठेवावे. पाण्याने पिष्ट पुन्हा मऊ पडते आणि पुसले की निघते. तरीही राहिले तर खायच्या सोड्यात थोडे पाणी घालून दाट लेप करावा, मऊ फडक्याने चोळावा आणि ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावा. वाफेच्या इस्त्रीची भोके कापसाच्या काडीने साफ करावीत. त्यांत सोडा राहिला तर पुढच्या वेळी पांढरे डाग पडतात.

साधा लोखंडी तळ असेल तर जाड कागदावर मीठ पसरून गरम इस्त्री त्यावर फिरवली तरी थर सुटतो. नॉन-स्टिक तळावर मीठ, तारेची घासणी, ब्लेड यांपैकी काहीही वापरू नये. ब्लेडने थर निघतो, पण ओरखडे पडतात आणि पुढची खळ त्या ओरखड्यांतच जाऊन बसते. शेवटी एखाद्या जुन्या फडक्यावर इस्त्री फिरवून बघावी आणि मगच पांढरा सदरा हातात घ्यावा.

इस्त्री साफ झाली. आता या इस्त्रीपर्यंत आपण कसे पोचलो ते पाहू.

पेज पोटाला की कापडाला?

वेल्हे हा भाताचा मुलूख. तालुक्याचे नाव आता राजगड झाले, तरी लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याला पाऊस धो धो पडतो, खाचरांत भात पिकतो. पण भात पिकवणारा सगळाच माणूस भात खात होता असे नाही. डोंगरउतारावरची नाचणी आणि वरई हे गरिबाचे खाणे. भात खंडाला जायचा, सावकाराला जायचा, बाजाराला जायचा. सणावारी भात शिजला तर त्याची पेजही पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वाटीत जायची.

ज्या घरात पेज हे जेवण आहे, त्या घरात ती कपड्यावर ओतली जात नाही. म्हणजे खळ घातलेला कपडा हा पोट भरल्यानंतरचा कपडा आहे. कपडा धुवायला पाणी लागते, त्याचाही इतिहास आपल्याला माहीत आहे. वाळायला दुसरा कपडा अंगावर हवा, म्हणजे निदान दोन जोड हवेत. इस्त्रीला कोळसा हवा. ज्यांच्याकडे इस्त्री नव्हती ते तांब्यात निखारे घालून तो कपड्यावर फिरवत. शाळेत जाणाऱ्या कित्येक पोरांचा सदरा असाच सरळ झाला. पुढे वीज वस्तीत आली. विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये हेन्री सीली यांना १८८२ मध्ये मिळाले होते. आपल्या वस्त्यांच्या भिंतीवर तिच्यासाठी प्लगचे भोक यायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

म्हणून 'अस्पृश्य लोक अस्वच्छ राहतात, म्हणून त्यांना दूर ठेवतात' हा युक्तिवाद आपण उलटा करून वाचला पाहिजे. पाणी, जमीन, धान्य आणि दुसरा कपडा ज्यांच्याकडून काढून घेतला, त्यांच्या अंगावरचा मळ हा काढून घेणाऱ्याच्या खात्यावर लिहायचा असतो.

मनूने ठरवलेला पोशाख

गरिबी हे एक कारण झाले. पण पैसा असला तरी चांगला कपडा घालायला मनाई होती, आणि ही मनाई ग्रंथात लिहिलेली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे नियम आहेत. हे फक्त पोथीत राहिले नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जात होता. ज्याला हक्क म्हणायचे ती खरे तर पोशाखाची सक्तीच होती. वतन, बलुते आणि हक्क या शब्दांमागे काय लपते, ते या एका कापडाच्या तुकड्यात दिसते.

गावगाड्यापलीकडेही हेच होते. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी इंदूर जिल्ह्यातील बलाई समाजाचा दाखला दिला आहे. १९२८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलेल्या बातमीचा तो आधार. तिथल्या सवर्णांनी बलाई लोकांना नियम घालून दिले: जरीकाठी पागोटी घालू नयेत, रंगीत किंवा नक्षीच्या काठाची धोतरे नेसू नयेत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि भारी कपडे घालू नयेत. बलाईंनी नकार दिला, तेव्हा त्यांना विहिरीचे पाणी बंद केले, गुरे चारू दिली नाहीत आणि त्यांची पिके उभ्या उभ्या नासवली. धोतराच्या काठासाठी माणसांना गाव सोडावे लागले. इंदूर म्हणजे मराठी राज्यकर्त्यांचे, होळकरांचे संस्थान. आपल्याला ते परके नाही.

पोशाख हे त्या काळातले ओळखपत्र होते. रस्त्यावरून येणाऱ्या माणसाची जात दुरून कळली पाहिजे, म्हणजे सावली टाळता येते, वाट बदलता येते, भाकर वरून टाकता येते. त्यामुळे 'महाराने कडक सदरा घातला' ही गावाच्या दृष्टीने फॅशनची बाब नव्हती. ओळखपत्र फाडल्याची बाब होती.

साताऱ्याचा परीट आणि मसूरचे स्टेशन

भोरच्या दक्षिणेला सातारा जिल्हा लागतो. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. साताऱ्यात परीट होते, घरी परटाला द्यायला पैसेही होते. तरी घरातले कपडे त्यांच्या बहिणी धूत, कारण कोणताही परीट अस्पृश्याचे कपडे धुवायला तयार नव्हता. न्हाव्याचेही तेच. भावांचे केस थोरली बहीण कापत असे.

या नोंदीत दोन गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांना दिसते: पैसा असूनही सेवा मिळत नाही. दुसरी आपण वाचताना सोडून देतो: परटाने आणि न्हाव्याने नाकारलेले काम घरातल्या मुलींवर पडले. बहिष्काराचा भार शेवटी घरातल्या बाईच्या हाताला येतो. हा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा घेणार आहोत.

त्याच लेखनात १९०१ चा प्रवास आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यात नोकरीला होते. त्यांना भेटायला जाण्यासाठी मुलांना नवे कपडे शिवले: विलायती सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. मुले मसूर स्टेशनला उतरली. कपडे पाहून स्टेशन मास्तरला ती ब्राह्मणांची वाटली आणि त्याने आपुलकीने चौकशी केली. आपण महार आहोत हे मुलांच्या तोंडून निघताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. नंतर गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी मुलाने गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे, असा तोडगा निघाला. रात्रभर पाणी मिळाले नाही.

नवा कोरा, स्वच्छ कपडा त्या स्टेशनवर जेमतेम काही मिनिटे टिकला. स्वच्छतेचा प्रश्न असता तर मुले तिथेच पास झाली होती. अस्वच्छतेमुळे अस्पृश्यता आली असे आजही जे सांगतात, त्यांच्यासमोर हे मसूरचे स्टेशन ठेवावे.

महाड, डिसेंबर १९२७

आमच्या वेल्ह्यातून केळदच्या पुढे मढे घाट उतरला की महाड तालुका लागतो. भोरमधून वरंधा घाटाने गेले तरी महाडच. सह्याद्रीची एक रांग ओलांडली की चवदार तळे. २० मार्च १९२७ ला त्या तळ्याचे पाणी आपण प्यालो. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. गुरांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. ज्या पाण्यात माणसाचा हात लागला म्हणून शेण-गोमूत्र घालावे लागते, त्या समाजाची स्वच्छतेची व्याख्या काय होती ते यावरून कळते.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते: तुमच्या नेसण्याच्या पद्धतीवरून, गळ्यातल्या आणि हातातल्या दागिन्यांच्या ओझ्यावरून तुमची जात ओळखू येते. त्या खुणा सोडा. वरच्या जातीतल्या स्त्रिया नेसतात तशी साडी नेसा. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. मुलींनाही शिकवा. बायकांनी नेसण्याची पद्धत तिथेच, त्या मुक्कामातच बदलली. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी आज्यांनी पुढे लुगडे घोट्यापर्यंत नेसले, त्याची सुरुवात या भाषणात आहे.

पुढे २० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. तिथेही बाबासाहेबांनी स्वच्छ राहायला, दुर्गुणांपासून दूर राहायला सांगितले. त्याबरोबर मुलांच्या लग्नाची घाई करू नका आणि लग्नानंतर पत्नीने नवऱ्याच्या बरोबरीने, मैत्रीण म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नको, असेही सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक पांढरी वस्त्रे घालून आले. बाबासाहेबही पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून उभे होते. आज १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण पांढऱ्या कपड्याला खळ घालतो, त्याची परंपरा तिथून येते.

हे संस्कृतीकरण होते का?

समाजशास्त्राच्या वर्गात एम. एन. श्रीनिवास यांची 'संस्कृतीकरण' ही संकल्पना शिकवली जाते. खालची जात वरच्या जातीचे आचार, खाणे, पोशाख, विधी उचलते आणि एक-दोन पिढ्यांत शिडीवर वरच्या पायरीचा दावा करते, असा तिचा आशय. काही अभ्यासक महाडचे हे भाषण त्याच चौकटीत बसवतात. मांस सोडा, वरच्या जातीसारखी साडी नेसा, हे संस्कृतीकरणच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न असतो.

प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण साडीचा नमुना खरोखरच वरच्या जातीचा होता. पण दिवसांचा क्रम पाहा. संस्कृतीकरण करणारी जात शिडी मान्य करते आणि तिच्यावर वर सरकते. त्यासाठी ती पुरोहित बोलावते, जानवे घालते, आपले मूळ क्षत्रिय असल्याची पोथी लिहून घेते. महाडला आधी शिडीचा कायदाच जाळला आणि त्यानंतर साडीचे सांगितले. पुरोहित बोलावला नाही, देवळात घेतील म्हणून स्वच्छ राहा असेही सांगितले नाही. साडीचा हेतू जात वर नेण्याचा नव्हता. बाईकडे पाहून जात ओळखता येऊ नये हा होता. सगळ्यांनी सारखे कपडे घातले तर ओळखपत्राची पद्धतच मोडते. आणि शेवटी १९५६ ला शिडी सोडूनच दिली. संस्कृतीकरणाच्या कोणत्याही उदाहरणात धर्म सोडण्याची पायरी येत नाही.

म्हणून आपला कडक सदरा कोणाची नक्कल नाही. तो नक्कल होऊ शकतो, जर तो घालून आपण वस्तीतल्या मळक्या कपड्यांच्या माणसाकडे नाक मुरडू लागलो तर.

परीट आपला शत्रू नाही

मराठीत कडक इस्त्रीच्या कपड्याला 'परीटघडी' म्हणतात. घडी परटाची, पण ती अंगावर मिरवणारा दुसराच. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाचे कपडे धुऊन त्याला सुगीला धान्य मिळायचे आणि कोणाचे कपडे धुवायचे, कोणाचे नाही, हे गाव ठरवायचा. महाराचे कपडे धुतले असते तर सवर्णांनी त्याचे बलुते बंद केले असते. साताऱ्याच्या परटाने नकार दिला तो चूकच. पण त्या नकाराची किल्ली पाटील-कुलकर्ण्यांच्या हातात होती. बाबासाहेब जातिव्यवस्थेला चढत्या भाजणीची विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवलेला असतो, म्हणून सगळे मिळून वरच्याशी भांडत नाहीत.

याच परीट समाजात १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला डेबूजी जन्मले. पुढचे गाडगेबाबा. त्यांनी परीटघडी कधी मिरवली नाही. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात अस्पृश्यतेवर बोलायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले. ज्या जातीला आपले कपडे शिवायला मनाई होती, त्या जातीतला माणूस आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी धर्मशाळा देऊन गेला. आज चौकातल्या टपरीवर दिवसभर उभा राहून इस्त्री करणाऱ्याशी बोलताना हे लक्षात असावे. त्याला 'ए इस्त्रीवाला' म्हणणारा आपला कार्यकर्ता साताऱ्याचा धडा उलटा शिकला आहे.

कायदा काय म्हणतो, घरात काय होते

१ जून १९५५ पासून लागू झालेल्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तू विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणे गुन्हा ठरवले. त्याचे कलम ६ हेच सांगते. साताऱ्यातल्या परटाच्या नकाराला कायद्याचे उत्तर मिळायला असा काळ गेला. आणि २०१५ मध्ये अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जी दुरुस्ती झाली, जी २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली, तिच्यात सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवायला, पायात चप्पल घालायला, नवे कपडे घालायला अडवणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहावा लागला. एकविसाव्या शतकातल्या संसदेला 'नवे कपडे' हे शब्द कायद्यात घालावे लागतात, याचा अर्थ इंदूरचे नियम अजून मेलेले नाहीत. कपड्यावरून कोणी टोमणा मारला, अडवले, मारहाण केली, तर गावात मिटवून घेऊ नका. ठाण्यात जा, फिर्यादीत कपड्याचा उल्लेख नेमका लिहून घ्या, सोबत दोन जण घेऊन जा.

आता घरातला मुद्दा. साताऱ्यात परटाचे काम बहिणींवर पडले. आज परटाने नाकारण्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी राहिला नाही, तरी काम बहिणींकडेच आहे. जयंतीच्या आदल्या रात्री ढोल-ताशाचा सराव करून आलेल्या तरुणाचा सदरा कोण कडक करतो? पेज कोण गाळते? काळा थर धरला म्हणून बोलणी कोण खाते? ज्या बाबासाहेबांनी नागपूरला पत्नीला बरोबरीची म्हटले, त्यांच्या जयंतीचा सदरा आईच्या आणि बहिणीच्या राबण्यावर कडक होत असेल, तर तेवढ्यापुरता आपण गावगाडाच घरात आणला आहे.

म्हणून या जयंतीसाठी आमचे सांगणे मोजकेच आहे. प्रत्येक तरुणाने आपला सदरा आपण धुवावा, खळ आपण घालावी, इस्त्री आपण करावी आणि तिच्या तळाला थर धरला तर वर सांगितल्याप्रमाणे तो आपणच काढावा. टपरीवर इस्त्रीला दिले तर घासाघीस न करता पूर्ण पैसे द्यावेत. वस्तीतला जो मजूर मळक्या कपड्यात मिरवणुकीला येईल त्याला मागे ढकलू नये, तो पुढच्या रांगेत असावा. कडक सदरा आपण घालायचाच, कारण तो घालू नये म्हणून आपल्या माणसांना गावातून हाकलले गेले आहे. पण तो घालून मसूरच्या स्टेशन मास्तरचे डोळे आपल्याला येऊ द्यायचे नाहीत.

जय भीम!